धुऱ्यावरचं मोहाचं झाड

सालेकशाच्या बाजारात बकाराम येताना दिसला की भाजीवाल्या तोंड फिरवून बसत. पहिल्या झटक्यात त्याला कुठलाच भाव पटत नसे. स्वतःच्या लग्नात त्यानं बँडवाल्याशी एवढी घासाघीस केली की बँडवाला चिडून निघून गेला आणि वरात थाळी वाजवत निघाली. बायको मनकर्णाबाई हे अजून सांगते, पण हसत नाही.

अशा माणसाच्या धानाच्या बांधीतून रेल्वेचा नवा रूळ जायचा ठरला. जमिनीचा भाव सरकारनं बांधलेला, तिथं घासाघिशीला वावच नव्हता. बकारामनं जेवणावर राग काढला. मग कुणीतरी सांगितलं, झाडाचे पैसे वेगळे मिळतात, जेवढं झाड फळतं तेवढे. गडी एकदम तरतरीत झाला.

झाड होतं एकच, मोहाचं. तेही चुलतभाऊ दुलीचंदच्या आणि त्याच्या शेतांमधल्या धुऱ्यावर. मोजणीच्या दिवशी दोघंही धुतलेले सदरे घालून झाडाखाली हजर.

“पेड किसका है?” मोजणीसाहेबांनी विचारलं.

“माहं!” दोघं एकदम बोलले.

“फूल कितना गिरता है?”

“पाच पोते,” बकाराम म्हणाला.

“पाच? दहा त माह्याच बाजूनं पडते!” दुलीचंद उसळला.

“वीस!”

“तीस!”

“चाळीस! लिहा साहेब!”

साहेबांचा पेन थांबला. “इतने महुए का करते क्या हो?”

बंदोबस्ताला आलेला हवालदार सावलीत पेंगत होता. तो टोपी नीट करत उठला. “हो ना. दारूची भट्टी कुठं लावता?”

बकाराम झाडापासून दोन पावलं मागं सरकला. “साहेब, झाड दुलीचंदचं हाय. मी असाच उभा होतो.”

“काऊन खोटं बोलून राहिला दादा? मोठा तू, झाड तुहंच!”

“मोठा म्हनूनच तुले देऊन राहिलो!”

शिदोरी घेऊन आलेल्या मनकर्णाबाईनं कपाळावर हात मारला. “साहेब, दोन टोपल्या पडते. त्यातली एक बकऱ्या खाते.”

हवालदार हिरमुसून परत सावलीत गेला. साहेबांनी फीत ताणली आणि ते गालात हसले. झाड रुळाच्या हद्दीबाहेरच होतं.

भावंडं शिदोरीला बसली. घास मोडत दुलीचंदनं विचारलं, “दादा, मंग झाड आता कोनाचं?”

“तुले दिलं म्हटलं ना.”

“मले नको बाप्पा.”

“मंग माहं,” मनकर्णाबाई म्हणाली आणि तिनं दोघांच्या पानात चटणी वाढली.