आठ फुटांचं जलंब-खामगाव

भालचंद्रनं तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली आणि चौतीसही वर्षं काळजी केली. फायलीची दोरी सुटेल म्हणून तिला दुसरी गाठ मारणारा माणूस. रिटायर झाल्यावर त्यानं घरातल्या वरच्या खोलीत जलंब-खामगाव रेल्वेचं मॉडेल करायला घेतलं, तेव्हा मी म्हणालो, "चला, तुझ्या काळजीला आता रूळ मिळाले." तो हसला नाही. प्लायवुडला वाळवी लागेल का, असं विचारलं.

त्याचे वडील मुख्य मार्गावरून फुटणाऱ्या या रेल्वे-फाट्यावर गार्ड होते. तेरा किलोमीटरचा तो फाटा त्याला आठ फुटांत बसवायचा होता, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. घरं, झाडं, स्टेशनाच्या पाट्या माझ्याकडे, कारण मी चित्रकलेचा मास्तर. वायरिंग राजकुमारकडे, त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. रूळ आणि फाटक निवृत्ती या आमच्या मित्राकडे. तो पिंपळगाव राजा या गावचा, अठ्ठावीस वर्षं रेल्वेत फाटकवाला होता. पहिल्याच दिवशी त्यानं कायदा सांगून टाकला.

"डायवरच्या हँडलले दुसऱ्यानं हात लावाचा नाही. डायवर भालचंद्र. बस."

हँडल म्हणजे वेग कमीजास्त करायचं गोल बटण. आम्ही माना डोलावल्या. हाच कायदा पुढे आम्हाला नडला.

श्रावणात गाडी पहिल्यांदा सुटली, दोन हिसके खाल्ले आणि पहिल्याच वळणावर आडवी झाली. निवृत्ती म्हणाला, रुळातच खोट आहे. राजकुमारला वायरचा संशय. मला वाटलं, पावसाळी हवेनं प्लायवुड फुगलं असेल. आम्ही रूळ उखडले, परत बसवले. गाडी परत घसरली. दोन महिन्यांत तीनदा रूळ उखडले आणि तीनदा एकमेकांवर ओरडलो. निवृत्ती तर डोळे बारीक करून सांध्यासांध्यावर बोट फिरवत बसायचा. भालचंद्र मात्र म्हणायचा, "करा, करा," एवढंच.

एक दिवस भालचंद्रच्या बायकोनं, शकुंतलावहिनींनी, मला जिन्यात थांबवलं.

"भाऊजी, आमचा देवेश दसऱ्याले येऊन राह्यला पुण्याहून. म्हणते, बाबांच्या तब्येतीत काही फरक दिसला तर घर बंद करू, दोघं इकडेच या."

"फरक काय दिसणार? ठणठणीत तर आहे."

वहिनी पदराला हात पुसत राहिल्या. मी वर गेलो तो हाच विचार करत. भालचंद्र पुण्याला गेला तर तिथं चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून करणार काय? आणि इथं आम्ही तरी संध्याकाळी कुठं जाणार?

मग मला नको ते दिसायला लागलं. आयुष्यभर बशीत चहा ओतून पिणारा हा माणूस आता अर्धाच पेला चहा मागायचा. डावा हात खिशात असायचा, उजवा मांडीखाली. दसरा आठ दिवसांवर आला असताना मी खाली बसून खामगावची पाटी रंगवत होतो आणि बटण माझ्या डोळ्यांसमोर आलं. भालचंद्रनं गाडी सोडली. त्याची बोटं थरथरत होती. बोटांबरोबर बटण मागेपुढे होत होतं आणि गाडी हिसके खात होती. रूळ बिचारे सरळ होते. माझा ब्रश तिथंच थांबला.

निवृत्तीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"म्हणजे दोन महिने आपण रूळ पाह्यले अन् माणूस नाही पाह्यला," तो म्हणाला. "माह्याच कायद्यानं घात केला."

"आता बटण राजकुमारकडे देऊ?"

"काऊन? डायवरले खाली उतरवतं का तू?" तो माझ्यावरच उखडला. "इंजनात एकटा डायवर कधी असते का? असिस्टंट असतेच बाजूले."

दसऱ्याला देवेश जिना चढून वर आला. भालचंद्र बटणावर हात ठेवून बसला होता. मला वाटलं, आजच सगळं संपतं. निवृत्ती पुढे झाला, भालचंद्रच्या शेजारी बसला आणि आपला रापलेला हात त्यानं सरळ त्याच्या हातावर ठेवला. "सोड गाडी." गाडी जलंबहून सुटली, वळण घेतलं, फाटक ओलांडलं आणि खामगावला जाऊन शांतपणे उभी राहिली. राजकुमारनं टाळी वाजवली. देवेशची नजर गाडीवर नव्हती, त्या दोन हातांवर होती.

भालचंद्रनं आपला हात निवृत्तीच्या हाताखालून काढला आणि मुलासमोर धरला. लपवला नाही.

"थरथरते. आठ महिने झाले," तो म्हणाला. मग आमच्याकडे वळला. "मले माहीत होतं रे, गाडी काऊन घसरते ते. तुमी रूळ उखडत होते अन् मी पाहात होतो. सांगितलं असतं तर तुमी येणं बंद केलं असतं. मले भेव वाटलं."

मला असा राग आला की काय सांगू! दोन महिने गुडघे फुटेस्तोवर खाली बसलो होतो मी. येणं बंद केलं असतं म्हणे! गाढव कुठला.

पुण्याचं नाव देवेशनं काढलं नाही. तो वडिलांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि निवृत्तीला म्हणाला, "काका, हात कसा धरायचा, मला दाखवता?"

निवृत्तीनं दाखवलं. देवेशनं वडिलांचा हात जरा जास्तच घट्ट धरला आणि गाडी पहिल्याच वळणावर घसरली.

रूळ कोणी तपासले नाहीत.