चौथ्या ठोक्याले दाबजा

सेलूच्या भजनी मंडळात देवकाबाईंचा दरारा मोठा. एखादीचा टाळ अर्ध्या ठोक्यानं जरी मागं पडला, तरी बाई भजन मधेच थांबवून सगळ्यांसमोर विचारणार, "काऊन वो, डोया लागला का?" चाळीस वर्षं शेतात राबलेली ही करारी बाई सुनेपुढं मात्र लोण्याहून मऊ. पोटी लेक नव्हती. काजल आली आणि घर बोलायला लागलं.

ही काजल पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. दवाखान्यात रोग्यांना नंबर देणारी प्रणाली तिनं बांधली होती. रोग्यानं फोनवर बटण दाबायचं, दोन सर्व्हरांपैकी एकानं नंबर द्यायचा, तिसऱ्यानं नोंद ठेवायची. सगळं झकास! पण आठवड्यातून एखाद वेळी एकच नंबर दोघांना जायचा आणि दवाखान्यात जुंपायची. काजलनं हजारो खोटे अर्ज सोडून पाहिले, चूक काही हाती लागेना.

शनिवारी दुपारी ती भरलं ताट सोडून उठली, तशी सासूनं तिला धरलंच.

"काय झालं वो माय? जेवून काऊन नाई राह्यली?"

"सोमवारपर्यंत चूक सापडली नाई तं साहेब पुण्यालेच बोलावतात, आई. कायमचं."

देवकाबाई तिच्यासमोरच फतकल मारून बसल्या. "पण दोघांले एकच नंबर जाते कसा?"

"दोघांनी एका क्षणाले बटण दाबलं की जात असन. माह्या कम्प्युटरवरून सोडलेले सारे अर्ज एकाच सर्व्हरपाशी जातात, तो एकेकाले रांगेत घेते. वेगवेगळ्या फोनवरून एकाच टायमाले दाबणारे माणसं कुठून आणू मी?"

"माणसं कायले? बाया चालतीन का?"

तासाभरात पोर्चमध्ये देवकाबाई धरून मंडळाच्या नऊ बाया आणि नऊ फोन हजर. काजलनं प्रत्येकीला प्रणालीची सरावाची प्रत उघडून दिली. खऱ्या रोग्यांशी या प्रतीचा संबंध नव्हता. देवकाबाईंनी डाव्या हातानं टाळ फरशीवर ठोकायला घेतला, उजव्या हाताशी फोन ठेवला. "चौथ्या ठोक्याले दाबजा. ना पुढं, ना मांगं."

शेजारच्या विमलाबाईंनी तिसऱ्यालाच दाबलं. "विमले, गाडी सुटून राह्यली का तुही?" दुसऱ्या खेपेला कुणाला तरी शिंक आली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या खेपेला काहीच घडलं नाही. सहाव्या खेपेला मात्र नऊ बोटं अशी एकदम उतरली की वा रे वा!

"माहा सात," देवकाबाई म्हणाल्या.

"सात तं माहा हाय!" विमलाबाई उसळल्या.

दोघी भांडायच्या बेतात, आणि काजल मात्र उड्या मारत होती. "सापडली! आई, सापडली!" दोघींचे अर्ज वेगवेगळ्या सर्व्हरांकडे गेले होते. दोन्ही सर्व्हरांनी एकाच वेळी नोंद पाहिली, सात मोकळा दिसला, दोघांनीही देऊन टाकला. आता नोंद ठेवणाऱ्यानं आधी नंबर अडवायचा, मगच तो रोग्याला सांगायचा, अशी दुरुस्ती तिनं केली. तोवर बायांचे आलूपोहे झाले. मग पुन्हा वीस खेपा घेतल्या, आणि दर खेपेला नऊ जणींना नऊ वेगळे नंबर आले.

काजलनं पुण्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. साहेब चकित. "कोणतं टूल वापरलंस?"

"सासूबाई, सर."

सगळं ऐकून साहेब खो खो हसले. पुढच्या शनिवारी आणखी एक काम तपासायचं होतं. मंडळ मिळेल का, असं त्यांनी विचारलं. देवकाबाईंनी फोन ओढून घेतला.

"मिळन ना साहेब. पण हे मंडळ सेलूतच बसते, अन् आमाले फोन लावून द्याले काजल लागते. ते पुण्याले गेली तं मंडळ बंद."

पलीकडं साहेब पुन्हा हसले. बायांनी फोनभोवती गर्दी केली.

"बरं आई. काजल तिथूनच काम करेल."

एवढा वेळ मिरवलेला तोरा क्षणात गळून पडला. "मले माही पोरगी राह्यली वो, विमले!" म्हणत देवकाबाई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडायला लागल्या.