वूफरची जागा

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पालीला भितो, विजेच्या कडकडाटाला भितो आणि गेल्या दोन हिवाळ्यांपासून बिबट्याला भितो. त्यात लाजायचं काही नाही. नेवासा तालुक्यात उसाला खेटून राहणारा जो माणूस बिबट्याला भीत नाही म्हणतो, तो खुशाल थापा मारतो असं समजावं. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याचा आसरा मोडतो आणि तो आमच्या वस्त्यांच्या आसपास फिरायला लागतो.

त्यावर आमच्याकडे एक उपाय निघाला आहे. दिवेलागणीला धारा काढताना मोठ्यानं गाणी लावायची. माणसांची जाग असली की जनावर लांबून निघून जातं, असं सगळे म्हणतात. बायको म्हणाली, "आपन बी गोठ्यात एक रेडू लावू." पण शाळेत कारकुनी करणाऱ्या माणसाला इतकी साधी गोष्ट पटते होय? मी होम थिएटर आणलं. चार छोटे स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे जाड आवाजाचा लाकडी खोका. गोठा बैठकीच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. बारीक आवाज भिंतीला अडतो, बेस आरपार जातो, असं मी तिला ऐटीत समजावलं. ती म्हणाली, "तुमचं तुमी बघा," आणि बादली घेऊन गेली.

बेस काही जमेना. वूफर कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमायचा, गाण्याचे शब्द कळायचे नाहीत, फडताळातले पेले वाजायचे. भिंतीपासून पुढे ओढला की आवाज पोकळ व्हायचा. आठ दिवस मी बटन खाली-वर करत होतो. मग मोबाईलवर एकानं युक्ती सांगितली: वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवा आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे बेस ना घुमतो ना पोकळ वाटतो, ती वूफरची जागा.

मला हे फार पटलं. त्या संध्याकाळी बायको धारेला गेल्यावर मी दार लावून घेतलं, कारण रांगताना कोणी बघितलं असतं तर गावभर झालं असतं. वूफर कोचावर ठेवला, बेस पूर्ण वाढवला आणि चाळिशी उलटलेला मी फरशीवर रांगायला लागलो. तळहातांना फरशी थरथरताना कळत होती. खिडकीखाली आवाज जरा साफ झाला. मी तिथेच कान खाली करून थांबलो, आणि खरं सांगतो, मला फार आनंद झाला होता.

तेवढ्यात लाईट गेली.

एकदम सगळं गप्प झालं. भिंतीपलीकडे गाय जोरजोरात फुरफुरत होती. आणि बायकोचा आवाज येत होता, अगदी हळू, दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा. "जा बाबा. जा आपल्या वाटंनं. जा." कोण आलंय, असं मनात आलं आणि दुसऱ्याच क्षणी कळलं. उठायचं म्हटलं तरी उठवेना, मी तसाच रांगत मागच्या दारापर्यंत गेलो.

चौकटीला धरून उठलो आणि दार उघडलं. उजेड अजून थोडा होता. गव्हाणीच्या पलीकडच्या टोकाला तो बसला होता, मांजर बसतं तसा, घाई नसल्यासारखा. बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. कालवड तिनं मागे दाबून धरली होती आणि पुढे दोन्ही हातांनी बादली धरली होती. तिच्यात आणि त्याच्यात दोन गाईंचं अंतर होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं होतं. मी ते टाकलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण तेवढ्या वेळात मी नुसता चौकट धरून उभा होतो, हे मला पक्कं आठवतं.

शेवटी पायाशी असलेल्या दुधाच्या रिकाम्या कॅनला मी लाथ मारली. तो खडखडत पायऱ्यांवरून खाली गेला. बिबट्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, उठला आणि बांध ओलांडून उसात गेला.

बायको मटकन खाली बसली. मी धावत गेलो, आता धावायला काय जात होतं. तिचे हात गार पडले होते. मी रागानंच विचारलं, "अगं, हाक नाही का मारायची?"

"मारल्या की," ती म्हणाली. "चार-पाच मारल्या. तुमाला ऐकू जात न्हाई म्हनल्यावर सोडल्या. मग त्याच्याशीच बोलत हुते."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

त्याला आता तीन महिने झाले. मला शब्दानं कधी बोलली नाही. फक्त तिनं हाक मारणं सोडलं आहे. चारा उचलू लागायला हवा असेल, तर हातातलं काम टाकून घरात येते, समोर उभी राहते आणि सांगते. ती धारेला बसली की मी आता मागच्या पायरीवर बसतो आणि दर दोन मिनिटांनी मीच तिला हाक मारतो. "हाय," ती आतून म्हणते. तेवढं ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.