बिनफीची सल्लागार

कारखान्यात त्याला सगळे चोखभाऊ म्हणत, अर्धं कौतुकानं आणि अर्धं चेष्टेनं. फरशांच्या त्या कारखान्यात कराचे कागद लिहिण्याचं काम एकतीस वर्षं त्याच्याकडे होतं. अक्षर मोत्यासारखं, बेरीज कधी चुकली नाही. असा माणूस मालकांना लागतोच. लबाडी गिचमिड अक्षरात लिहून चालत नाही.

लबाडी म्हणजे बेकायदा नव्हे हं! मोठ्या कमाईवर मोठा कर, असं कायदा सांगतो आणि ते ऐकायला बरं वाटतं. पण एकाची मोठी कमाई नवरा-बायकोत वाटली, की दोन्ही वाटे लहान होतात आणि करही खाली येतो. म्हणून मालकीणबाई कागदावर कारखान्याच्या ‘सल्लागार’ होत्या. दरमहा घसघशीत फी. बाईंनी कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नव्हतं. एकदा फोनवर त्यांनी चोखभाऊलाच विचारलं होतं, “आपण फरशा करतो की कौलं?” त्यांची गाडी, गाडीचा ड्रायव्हर, सुट्टीतला प्रवास, सगळं कारखान्याच्या खर्चात. शेवटी शंभर रुपयांमागे मालकांचे जेवढे करात जायचे, त्याहून जास्त भट्टीवरच्या मुकादमाच्या पगारातून कापले जायचे. चोखभाऊला हे पाठ होतं. दोघांचेही कागद तोच लिहायचा.

घरी त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. दुकानदार मजुरी देतानाच कर कापून घ्यायचा. घरी बसून थोडकं कमावणाऱ्यांना हा पैसा परत मिळतो, फक्त एकपानी अर्ज द्यावा लागतो. चोखभाऊच्या टेबलात त्या अर्जांचा गठ्ठाच पडलेला असायचा.

“अहो, यंदा तरी भरा ना तो अर्ज,” ती म्हणायची. “तेवढ्यात मशीनला मोटर बसेल. पाय मारून मारून गुडघे बोलायला लागलेत माझे.”

“आपलं चोख असू दे. कुणाला बोट दाखवायला जागा नको.”

“मालकीणबाई सल्लागार. मग मी कोण?”

“तू शिलाईवाली.”

“वा! रोज सल्ला देते, तोही फुकट. तुम्ही घेत नाही, हा तुमचा तोटा.” आणि हसत हसत ती पुन्हा मशीनचा पायटा मारू लागायची.

लोकांना वाटे, काय हा सचोटीचा माणूस! कसली सचोटी? दिवसभर दुसऱ्याचं झाकून आल्यावर कुठेतरी पै न् पै भरल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, आणि भरायला हाताशी होती ती तिची मजुरी. प्रायश्चित्त त्याचं, उपास तिचा. तिला हे कळलं असणार. कारण पुढे तिनं अर्जाचं नावच काढणं सोडलं आणि गुडघ्याला पट्टा बांधला.

गेल्या हिवाळ्यात तिला ताप आला, छातीत उतरला आणि नवव्या दिवशी ती गेली. एक सदरा मशीनच्या सुईखाली अर्धाच राहिला. दुकानदाराचा माणूस उरलेलं कापड घेऊन गेला, पण तो सदरा काही चोखभाऊनं दिला नाही. एक बाही नसलेला तो सदरा तो संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायचा आणि रडायचा.

मेलेल्या माणसाचाही शेवटचा कराचा कागद वारसाला भरावा लागतो. तिचा कागद त्यानं चार वेळा लिहिला, चारही वेळा फाडला. पाचव्यांदा मात्र त्याला तो एकपानी अर्ज जोडला. तिचं एवढं एक मागणं तरी पुरं व्हायलाच हवं होतं. मग तो कर कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला. इतकी वर्षं का नाही मागितलं, असं कुणी विचारलं तर?

कुणी विचारलं नाही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वरून खाली वाचला, वारस म्हणून त्याची सही घेतली आणि म्हणाल्या, “झालं, काका. महिन्याभरात पैसे येतील.”

“एवढंच?”

“एवढंच. साधा तर अर्ज आहे.”

दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. त्यानं खिडकीची कड घट्ट धरली.

“आणि मागच्या वर्षांचे?”

“ते नाही मिळत आता. त्या त्या वर्षी मागायला हवे होते.” मग कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “काका, व्यवसायाची जागा कोरी सोडलीत तुम्ही. काय करायच्या त्या?”

आयुष्यात एकही रकाना कोरा न सोडणारा माणूस तो. त्याच्या तोंडून निघून गेलं, “सल्लागार.”

“कुणाच्या?”

“माझ्या.”

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मागे रांग खोळंबली होती.

“फी घ्यायच्या?”

“नाही हो,” चोखभाऊ म्हणाला. “आणि मीही कधी ऐकलं नाही तिचं.”

“बिनफीचं धरता येत नाही, काका,” त्या हळूच म्हणाल्या. “शिलाई लिहिते हं.”

त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला.