अर्ध्या गोळीचे सोबती

सिंगापूरला लेकीकडे आलो की सकाळी मी इमारतीखालच्या बाकावर बसतो. शेजारी लिन आजोबा असतात, माझ्याच वयाचे चिनी गृहस्थ. आज त्यांनी रक्तदाबाची गोळी नखाने मोडली, अर्धी गिळली, अर्धी डबीत परत ठेवली आणि वर ते थर्मासमधला कडू काढा प्यायले. मला हसूच आलं.

“डॉक्टरला माहीत आहे?” मी इंग्रजीत विचारलं.

“छे! ओरडेल. तुम्ही?”

“मीही अर्धीच घेतो. वर अर्जुनसालीचा काढा.”

दोघंही खदखदून हसलो. बरं वाटू लागलं की आपण औषधाला पाहुण्यासारखा निरोप द्यायला निघतो. ते गेल्यावर बरं वाटणंही जाईल, हे म्हातारपणी कुणाला सुचत नाही, चीनमध्येही आणि साताऱ्यातही.

इतक्यात लेक ऑफिसला निघाली. “बाबा, गोळी घेतली ना?”

रोज ‘हो’ म्हणायचो. आज म्हटलं, “अर्धी. बरेच महिने अर्धीच घेतोय गं.”

तिने पर्स बाकावर आपटली. “आणि वर हसताय? चला, उठा! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे!”

लिन आजोबांना मराठीचा एक शब्द कळत नाही. तरी माझ्या आधी तेच उभे राहिले.