रविवारी गोड काय होतं?

"सुलभाताईंना सकाळीच सांगितलंय, उद्यापासून येऊ नका म्हणून," मॅनेजर जोशी म्हणाले. "आता तुम्ही फक्त रिपोर्ट लिहा, मॅडम."

मी अजून स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं.

संगमेश्वरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत हा वृद्धाश्रम. मी अन्न सुरक्षा अधिकारी. हॉटेलं, बेकऱ्या, शाळांची स्वयंपाकघरं तपासणं हे माझं रोजचं काम. रविवारी संध्याकाळी इथल्या बऱ्याच आजी-आजोबांना उलट्या सुरू झाल्या होत्या. एक आजोबा इस्पितळात होते, सलाईन चालू होतं. त्या वयात शरीरातलं पाणी गेलं की माणूस झपाट्याने खचतो. म्हणून सोमवारी मी बाकीचं काम सोडून आले.

जोशींचा संशय बांगड्यावर होता. रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, केलं होतं.

स्वयंपाकघर मी उघडून पाहिलं. फ्रीजचं तापमान ठीक. कच्ची मासळी खालच्या कप्प्यात, झाकून. विळी, पाट धुऊन उन्हात ठेवलेले. पाण्याच्या टाकीला झाकण. स्वयंपाक करणाऱ्या सुलभाताई दाराशी उभ्या होत्या. डोळे सुजलेले.

"बांगडे ताजे होते, मॅडम. सकाळी मीच घेतले, मीच साफ केले. दुपारची जेवणं उरकली नि मी घरी गेले. एवढी वर्षं या म्हाताऱ्यांना जेवू घालतेय. मुद्दाम करीन काय मी?"

"मुद्दाम कोणीच करत नाही, ताई. कुठे चुकलं ते बघू या."

अशा वेळी आम्ही फूड हिस्टरी घेतो. म्हणजे कोण आजारी पडलं, कोण नाही आणि कोणी काय खाल्लं, हे एकेकाला विचारायचं. आजारी माणसांनी खाल्लेलं आणि बऱ्या माणसांनी न खाल्लेलं असं काही सापडलं, की संशय तिथे धरायचा.

बांगडा पहिल्याच खोलीत सुटला. इंदिराकाकी पक्क्या शाकाहारी, आणि त्याच सगळ्यांत जास्त ओकल्या होत्या. भात, आमटी, भाजी तर सगळ्यांनीच खाल्ली होती.

"बाहेरून काही आलं होतं का?" मी प्रत्येकाला विचारलं.

"नाही."

सगळ्यांचं उत्तर तेच, आणि तेही चटकन. ड्युटीवरच्या सेविकेनेही मान खाली घालून 'नाही'च म्हटलं. एरवी ही वयस्क मंडळी साध्या प्रश्नाला चार गोष्टी सांगतात. मला ते खटकलं.

मग मी बरे असलेल्यांकडे वळले. त्यांच्या उशाशी औषधं होती. एकजात सगळे डायबेटिसवाले.

"जोशीसाहेब, रविवारी गोड काय होतं?"

"गोड? काहीच नाही. मी रविवारी नसतो, पण मेनू मीच ठरवतो."

व्हरांड्यात हमीदचाचा बसले होते. जन्मभर बोटीवर नोकरी केलेला माणूस. त्यांनी बांगड्याचे दोन तुकडे खाल्ले होते आणि ठणठणीत होते. त्यांना मी प्रश्न फिरवून विचारला.

"चाचा, रविवारी तुम्हाला काय मिळालं नाही?"

चाचा उसळलेच. "बासुंदी! इंदिराबाईने सगळ्यांना वाटीवाटी दिलीन, मला नाय दिलीन. म्हणे शुगर आहे. अवो, एक चमचा दिला असता तर मेलो असतो काय?"

मी इंदिराकाकींच्या पलंगाजवळ जाऊन बसले. बासुंदी म्हटल्याबरोबर त्यांनी डोळे मिटले.

"मुलगा लोट्याला एमआयडीसीत, कंपनीत आहे. शिफ्टमुळे यायला फारसं जमत नाही त्याला. काल त्याच्या बाबांचं वर्षश्राद्ध. स्वतः आटवून आणलीन. बाहेरचं चालत नाही इथे, म्हणून मी गुपचूप वाटली. कळलं तर त्याला परत येऊ देणार नाहीत, म्हणून सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं." मग अगदी हळू म्हणाल्या, "सुलभाचं काय करणार?"

"ते तुमच्याच हातात आहे, काकी."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. आत स्टीलचा डबा, तळाशी थोडी बासुंदी. टाकवली नव्हती त्यांच्याने.

मी रीतसर नमुना घेतला. नंतर लॅबने शिक्कामोर्तब केलं. बाकीचं मुलाने फोनवर सांगितलं: पहाटे आटवलेलं दूध, कोमट असतानाच बंद केलेला डबा, उन्हात तापलेली गाडी. कोमट दुधात जंतू भराभर वाढतात. काही जंतू त्यात विष सोडतात, ते पुन्हा उकळूनही जात नाही. चवही बदलत नाही. त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

लॅबची वाट न बघता काकींनी त्या सोमवारी दुपारीच जोशींना बोलावून सगळं सांगितलं. जोशी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "सुलभाताई, उद्या या." त्यांनी माफी मागावी असं मला वाटत होतं. ती त्यांनी मागितली नाही. सुलभाताई मात्र दुसऱ्या दिवशी आल्या.

इस्पितळातले आजोबा आठवड्याभरात परतले. सुधारणा नोटीस मी संस्थेच्याच नावाने काढली, कारण आश्रमात जे वाटीत पडतं त्याची जबाबदारी आश्रमाची. जोशींना ते पटलं नाही, तरी त्यांनी नियम बदलला. आता नातेवाइकांनी दूध-साखर आणायची, आटवायचं आश्रमाच्या गॅसवर.

नुसती बंदी घातली की पदार्थ यायचे थांबत नाहीत. ते कपाटात जातात, आणि कपाटाला फ्रीजची थंडी नसते.