रोज मरे दैफल्लाह

“बाबा, आज एक दिवस मरू नका.”

“मग काय करू? मरायचाच पगार मिळतो मला.”

“ते लोक आधी तुमचा खेळ बघायला येतायत! इर्बिदहून गाडी निघालीसुद्धा. दुपारी मुलीच्या बापाला वाळूत उताणा पडलेला बघायचं आणि संध्याकाळी मुलीला मागणी घालायची?”

“उताणा नाही गं, कुशीवर पडतो मी. उताणं पडलं की पोट दिसतं.”

हनादीने कपाळावर हात मारला. “बरं, पडा कसंही. पण संध्याकाळी अट घालायचीय, आठवतेय ना?”

“नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं होईल, मगच लग्न.”

“आणि ते म्हणाले, लग्नानंतर बघू, तर?”

“तर नाही म्हणायचं.”

“म्हणाल?”

“म्हणजे काय! फौजेतला माणूस आहे मी.”

“फौजेत स्वयंपाकी होतात, बाबा. कुणी तिसऱ्यांदा भात मागितला तरी नाही म्हणायची टाप नव्हती तुमची.”

हे मात्र खरं होतं. जॉर्डनच्या फौजेत दैफल्लाहने उभी हयात भटारखान्यात काढली. लढला तो फक्त कांद्यांशी, आणि तिथेही रडायचा तोच. पेन्शन बसली, पण तीवर घर चालेना. मग जेराशच्या अवशेषांत, घोड्यांच्या शर्यतीच्या जुन्या मैदानात, प्रवाशांसाठी रोमनांच्या लुटुपुटीच्या लढाईचा खेळ चालायचा, तिथे तो चिकटला. त्याची तलवार धरायची तऱ्हा पाहून मालकाने पहिल्याच दिवशी त्याला हरणाऱ्यांत टाकलं. जिंकायचा अंझोर, चेर्केस जमातीचा तरणाबांड पोरगा.

“एवढे उभे खांब बघायला लोक येतात,” दैफल्लाह स्वतःच सांगायचा, “त्यांना एखादा आडवाही नको का?”

खेळाच्या शेवटी प्रेक्षकांना विचारत, याला सोडायचं की मारायचं? वाटेतल्या भटक्या मांजरीला आपल्या डब्यातलं चारून आलेल्या बायकासुद्धा हसत हसत अंगठा खाली करायच्या. इतक्या वर्षांत एकाही माणसाला त्याची दया आली नव्हती. रोज मरे त्याला कोण रडे!

त्या दुपारी पाहुणे वरच्या पायरीवर येऊन बसले. मध्ये मुलाचे थोरले काका, शेख मुतलक. शेजारी कडू कॉफीचा थर्मास, हातात छोटासा पेला. दैफल्लाहने शिरस्त्राण कपाळावर ओढलं, पण मिशा कुठे लपवणार? लढत झाली, गुडघा कुरकुरला, तो पडला. अंझोरने त्याच्या मानेवर तलवार टेकवली. अंगठे खाली गेले.

“थांब रे पोरा!”

शेख मुतलक उभे राहिले होते. ओठांशी नेलेला पेला त्यांनी पायरीवर ठेवला. “या माणसाला सोडल्याशिवाय आम्ही कॉफी पिणार नाही.”

प्रवाशांना वाटलं, हेही खेळातलंच. अंझोर मात्र पांढराफटक पडला. वडीलधाऱ्याने असा न पिता पेला ठेवला, की खुनाची वैरंसुद्धा मिटवावी लागतात. तिथे लाकडी तलवारीची काय कथा!

“काका, काय करू?” तो दैफल्लाहकडे वाकून कुजबुजला.

“मला काय विचारतोस? मी तर मेलोय.”

“प्या, शेख!” अंझोर ओरडला. “तुमच्या शब्दाखातर सोडलं याला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दैफल्लाह उठला आणि तिथेच घुटमळला. रोज त्याला पायांना धरून ओढत नेत. इथून आपल्या पायांनी कसं बाहेर पडतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्याने फौजेतला एक सलाम ठोकला आणि घोड्यांच्या दारातून बाहेर गेला.

संध्याकाळी बैठकीत शेखांपुढे कॉफी आली. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. “हनादीला आमच्या घरी द्या. लग्न याच उन्हाळ्यात.”

दैफल्लाहने घसा खाकरला. “ते... पोरीचं शेवटचं वर्ष...”

“ते लग्नानंतर बघू की!” शेख हसले. “दुपारी त्या पोराने माझ्या पेल्याचा मान राखला. आता तुम्ही राखा.”

सगळी बैठक हसली. दैफल्लाहही हसला, सगळ्यांहून मोठ्याने. “प्या, शेख,” तो म्हणाला. “प्या.”

पाहुणे गेले तशी हनादी आत आली. “अट घातलीत?”

“अगं, वेळच तशी आली. ज्याने माझा जीव वाचवला, त्याला अटी कशा घालू?”

“खेळातला जीव होता, बाबा!”

“होता खरा. पण तोसुद्धा आजवर कुणी मागितला नव्हता गं.”

त्याने नजर चुकवली, गालिच्याची किनार उगाच सरळ केली. मग एकदम म्हणाला, “हे बघ, अजून निकाह कुठे झालाय? उद्या इर्बिदला जातो. त्यांच्या घरी बसतो. कॉफी पुढे आली की मीही पेला खाली ठेवतो. पोरीचं वर्ष पुरं होऊ दे, मगच पितो, असं साफ सांगतो. शेख कितीही आग्रह करोत.” तो थांबला. “जमेल ना गं मला?”

हनादीने शेखांचा रिकामा पेला उचलला, तबकात ठेवला आणि बाहेर निघून गेली.